द्राक्षाचा मणी कोण फुगवतं?

भोपळ्याच्या वेलावर मधमाशी फिरकली नाही तर कोवळं फळ पिवळं पडून गळतं, हे आपल्याला ठाऊक आहे. मग औशाकडच्या बागांत माशीवाचून द्राक्षाचे घड कसे लगडतात?

रानद्राक्षात नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. हजारो वर्षांपूर्वी माणसानं एकाच फुलात दोन्ही असलेली वेल निवडली आणि तिच्याच काड्या लावत गेला. या फुलाची हिरवी टोपी गळली की त्याचाच पराग त्याच्यावर पडतो. माशी येते ती पराग न्यायला. नाही आली तरी बागेचं फारसं अडत नाही.

मराठवाड्यात द्राक्ष जुनंच. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूतानं लिहिलंय, इथं द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. पुढं आपण निजामाच्या राज्यात असताना, १८९० च्या सुमारास, अब्दुल बाकर खान यांनी हैदराबादेत अनाबेशाही आणली. टपोरा मणी, आत बिया. मणी फुगतो तो बियांमुळंच, त्यांच्यातून वाढीचं द्रव्य सुटतं.

मग आली थॉमसन सीडलेस. पराग तिलाही लागतो, पण बी धरतं आणि कोवळेपणीच वाढायचं थांबतं. मणी बारीक राहतो. ही कसर जिबरेलिन भरून काढतं, म्हणजे आपलं जीए. १९२६ साली तैवानमध्ये कुरोसावा यांनी भाताच्या रोगट रोपांवर काम केलं. ती रोपं भसाभसा उंच का वाढतात, याचं कारण बुरशीच्या द्रव्यात निघालं. तेच हे जीए.

घड जीएत बुडवायचे, कात्रीनं मणी विरळायचे. बियांचं काम असं बायकांच्या हातावर आलं. मजुरी ठरवताना याला ‘हलकं काम’ म्हणतात. दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभं राहावं म्हणणाऱ्यानं!

बागेला गरज नाही म्हणून फवारताना मधमाशीचा विचार होत नाही. ती मेली की नुकसान बांधापलीकडच्या सूर्यफुलाचं, काकडीचं, दोडक्याचं, कांद्याच्या बियाण्याचं. पिकले मणी ती फोडते हा आळही खोटा. पाखरांनी, गांधीलमाश्यांनी फोडलेल्या मण्यावरच ती बसते. फवारणी संध्याकाळी, माश्या पोळ्यावर परतल्यावर करा, एवढं बागवाल्याला सांगायला सगळा गट मिळून जा. एकटीचं कुणी ऐकत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर महिना-सव्वा महिन्यात फुलोरा येतो, त्याआधीच जायला हवं.