बचाव, अमेरिकन फुटबॉलमधील
व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये बाद फेरीतील यश भक्कम बचावावर ठरते, असा समज रूढ आहे. १९८५ च्या हंगामात शिकागो बेअर्सने बाद फेरीतील पहिल्या दोन सामन्यांत एकही गुण दिला नाही व अंतिम सामना ४६–१० असा जिंकला. २०१३ च्या हंगामात विक्रमी ६०६ गुण मिळविणाऱ्या डेन्व्हर ब्रॉन्कोसला अंतिम सामन्यात सिॲटल सीहॉक्सच्या बचावापुढे ८ गुणच मिळाले. याउलट न्यूयॉर्क जायंट्सने २०११ मध्ये साखळीत ३९४ गुण मिळवून ४०० दिले. बाद फेरीच्या चार सामन्यांत मात्र केवळ ५६ गुण देऊन विजेतेपद पटकाविले. फिलाडेल्फिया ईगल्सने २०१८ चा अंतिम सामना ३३ गुण देऊनही जिंकला. तात्पर्य, उत्तम बचाव यशास पोषक असला, तरी अनिवार्य नव्हे. तसेच साखळीतील बचावावरून बाद फेरीतील बचावाचे अनुमान निश्चितपणे काढता येत नाही.