मानकुर्त : एका शिवीची कुळकथा

मध्य आशियात एखाद्याला ‘मानकुर्त’ म्हणणे म्हणजे त्याची नाळच तुटली आहे असे चारचौघांत सांगणे. कझाक असून कझाक न बोलणारा शहरी तरुण, मॉस्कोच्या ओंजळीने पाणी पिणारा पुढारी, गावाला विसरलेला साहेब, असे सगळे या शिवीचे धनी. तुर्कस्तानातल्या राजकीय भांडणांतही ती सर्रास ऐकू येते. तिच्यामागची कथा हजार-दीड हजार वर्षांची जुनी, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात आज ती ज्या रूपात सांगितली जाते, ते रूप 1980 सालचे आहे.

त्या वर्षी ‘नोवी मीर’ या मॉस्कोच्या मासिकात किर्गीझ लेखक चिंगीझ ऐतमातोव्ह यांची ‘शतकाहून मोठा दिवस’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी आली. तिच्यात ही कथा आहे. जुआनजुआन टोळीवाले तरुण कैद्यांची डोकी भादरत, उंटाच्या मानेचे ओले कातडे त्यांवर ताणून बसवत आणि हातपाय बांधून त्यांना रणरणत्या उन्हात टाकून देत. या कातडी टोपीला ‘शिरी’ म्हणतात. वाळताना शिरी आवळत जाई, नवे केस बाहेर वाट न मिळाल्याने उलटे टाळूत शिरत. बहुतेक कैदी मरत. जो जगे त्याला स्वतःचे नाव, आईबाप, गाव काहीच आठवत नसे. असा गुलाम दहा गुलामांच्या मोलाचा, कारण पळून जावे हे त्याच्या मनातच येत नसे. नाइमान-आना ही आई मुलाचा शोध घेत येते, त्याला बापाचे नाव पुन्हा पुन्हा सांगते. आणि धन्याच्या शिकवणीवरून तो मुलगा तिलाच बाणाने मारतो.

बीज जुने आहे. ‘मानस’ या किर्गीझ महाकाव्यात लहानग्या मानसला पकडून शिरी चढवण्याचा शत्रूचा बेत ओझरता येतो. अबिश केकिलबाएव या कझाक लेखकानेही ऐतमातोव्ह यांच्या आधी अशा छळाचे वर्णन केले होते. पण आई, बाण, जुआनजुआन ही सगळी गुंफण कादंबरीकाराची. इतिहासाच्या कसोटीवर ती टिकत नाही. जुआनजुआन, म्हणजे चिनी बखरींतले रौरान, यांची सत्ता सहाव्या शतकाच्या मध्यात तुर्कांनी मोडली. नाइमान टोळीचे नाव गाजते ते त्यानंतर कित्येक शतकांनी, चंगीझखानाच्या काळात.

मग लोकांनी ही कथा आपली, वाडवडिलांची म्हणून एवढ्या झटपट का स्वीकारली? कारण शिरीचा अनुभव त्यांच्या घरात होता. सोव्हिएत राजवटीत 1920 च्या दशकाच्या अखेरीस अरबी लिपी जाऊन लॅटिन आली, 1940 च्या सुमारास तीही जाऊन सिरिलिक आली. आजोबांचे कागद नातवाला वाचता येईनात. जे लिहिते-वाचते होते, त्यांतले कितीतरी 1937-38 च्या दमनात संपले. ऐतमातोव्ह यांचे वडील तोरेकुल त्यांतलेच. 1938 साली त्यांना गोळी घातली गेली. त्यांचे अवशेष सापडले ते 1991 साली, बिश्केकजवळच्या चोन-ताश गावात, सामूहिक दफनाच्या खड्ड्यात.

कादंबरीतला वर्तमानही याच जखमेवर उभा आहे. रेल्वेच्या आडवळणी थांब्यावरचा कामगार येदिगेई आपल्या मित्राला, कझानगापला, पूर्वजांच्या आना-बेयित दफनभूमीत पुरायला निघतो. वाटेत काटेरी तारांचे कुंपण लागते. ती जागा आता अंतराळतळाच्या हद्दीत गेलेली. पहाऱ्यावरचा अधिकारी कझाकच, पण तो येदिगेईला रशियनमध्ये बोलायला फर्मावतो. कझानगापचा शिकलेला मुलगा साबितझान बापाला कुठेही पुरून मोकळा व्हायला तयार. आणखी एक पात्र, अबुतालिप नावाचा शिक्षक, आठवणी आणि लोककथा लिहून ठेवतो. त्या वह्यांपायीच त्याला अटक होते.

पेरेस्त्रोइकाच्या, म्हणजे सोव्हिएत सुधारणांच्या, दिवसांत ‘मानकुर्त’ कादंबरीतून वर्तमानपत्रांत आणि सभांत उतरला. 1990 साली तुर्कमेन दिग्दर्शक खोजाकुली नार्लियेव्ह यांनी त्याच नावाचा चित्रपट केला, मुख्य भूमिकेत तुर्की अभिनेता तारिक तारजान. चित्रपटाने कादंबरीतली दंतकथा उचलली. रेल्वे, अंतराळतळ, कुंपण मागे राहिले. कथा लेखकापासून सुटली आणि खरोखरच प्राचीन वाटू लागली. 2022 साली किर्गीझ दिग्दर्शक अक्तान अरिम कुबात यांनी ‘एसिमदे’ चित्रपटात तिला वेगळेच वळण दिले. रशियात मजुरीला गेलेला झार्लिक अनेक वर्षांनी स्मृती गमावून गावी परततो. त्याच्या डोक्यावर कोणी शिरी बांधलेली नाही; पोटापाण्यासाठी परमुलुख गाठावा लागला, एवढेच. गावात तो मुकाट्याने कचरा गोळा करत हिंडतो. लाज वाटावी ती शहाण्यासुरत्या गावाला.

शिवी म्हणून वापरताना नेमके हेच निसटते. भाषा विसरलेल्याला मानकुर्त म्हणून हिणवणे सोपे आहे. पण हा शब्द घरोघरी पोचवणारी कादंबरी ऐतमातोव्ह यांनी मुळात रशियन भाषेत लिहिली, किर्गीझमध्ये नव्हे. भाषा हाच एकमेव निकष धरला तर पहिला मानकुर्त तेच ठरतील. कथेतली आई तर मुलाला एकदाही दोष देत नाही. ती त्याला त्याचे नाव सांगते. म्हणून हा शब्द कोणावर फेकण्याआधी त्याच्या डोक्यावर शिरी कोणी बांधली, हे विचारले पाहिजे. नाहीतर शिवी बसते ती कैद्याला, आणि जुआनजुआन नामानिराळे राहतात.