घडविलेल्या भाषा



ज्या यंत्रांतून हें भाषण आपल्या घरीं येऊन पोहोंचतें, त्याच्या नांवापासूनच आरंभ करूं. 'आकाशवाणी' हा शब्द पुराणांतला; कंसाच्या कानीं पडली ती आकाशवाणी. १९३५ सालीं म्हैसूर येथें प्रा. गोपालस्वामी यांनीं आपल्या लहानशा ध्वनिक्षेपण केंद्रास हें नांव दिलें आणि १९५६-५७ च्या सुमारास तें सबंध देशाच्या केंद्रांस लाभलें. मराठींत तत्पूर्वीं 'नभोवाणी' हा शब्द चालत असे. दोन्ही शब्द कोणीतरी बुद्धिपुरस्सर योजिलेले आहेत. आज मात्र ते आपोआप उगवल्यासारखे वाटतात. भाषा कोणी घडवीत नाहीं, ती घडते, असें व्याकरणाच्या पुस्तकांतून आपण शिकलों. तें बहुतांशीं खरेंही आहे. परंतु भाषा, लिपि आणि शब्द हे मुद्दाम, ठरवून, बैठक मारून घडविणारे लोक आपल्याच प्रांतांत होऊन गेले, आणि त्यांची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

मी पनवेल तालुक्यांतील गव्हाण गांवचा. उभा जन्म प्राथमिक शाळेंत मुलांना बाराखडी शिकविण्यांत गेला. शाळेंत नवी भाषा घडविण्याचा कारखाना नित्य चालूं असतो, हें पुष्कळ मास्तरांच्या ध्यानांत येत नाहीं. 'च'ची भाषा आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं बोललेली असेल. तिचे नियम गांवोगांवीं थोडे निराळे असतात. आमच्याकडील नियम असा, कीं शब्दाच्या पहिल्या अक्षरांतील व्यंजन काढून शेवटीं न्यावें आणि त्याच्या जागीं 'च' बसवावा. 'पाणी' म्हणजे 'चाणीप'. आतां आमच्या आगरी बोलींत 'ण' चा 'न' आणि 'ळ' चा 'ल' होतो. म्हणून आमचीं मुलें 'चाणीप' न म्हणतां 'चानीप' म्हणत. एकदां मधल्या सुट्टींत एका मुलाला मीं थांबविलें आणि 'चाणीप म्हण, चानीप नव्हे' असें दटावलें. मूल माझ्याकडे पाहातच राहिलें. जी भाषा मला कळूं नये म्हणून त्यानें केली होती, तिचेंही शुद्धलेखन मी तपासूं लागलों होतों! घरीं येतांना मला माझेंच हंसूं आलें.

मुलांचा हा खेळ मोठ्या माणसांनीं पोटासाठीं केला, तेव्हां तिला नंदभाषा म्हणूं लागले. दलाल आणि व्यापारी यांची ही गुप्त बोली. मोल्सवर्थच्या कोशांत तिची नोंद आहे. एक म्हणजे केवली, दोन आवारू, तीन उधानू, चार पोकू, पांच मुळू, सहा शेली, सात पवित्र, आठ मंगी, नऊ तेवसू आणि दहा अंगुळू. वीस म्हणजे काटी, शंभर म्हणजे बिटी आणि रुपया म्हणजे भुरका. गिऱ्हाइकासमोर उभे राहून दलालानें व्यापाऱ्यास 'मुळू भुरके' म्हटलें कीं भाव ठरला, आणि गिऱ्हाईक मात्र दोघांच्या तोंडाकडे पाहात उभें. या शब्दांची घडण पाहण्यासारखी आहे. एकही वर्ण असा नाहीं कीं जो मराठी जिभेला जड जावा. 'मुळू', 'अंगुळू' यांत 'ळ' सुद्धां आहे. शब्दांचीं अनेकवचनें मराठीच होतात, क्रियापदें मराठीच राहतात. बदलतात तीं केवळ नांवें आणि आंकडे, म्हणजे जेवढें लपवावयाचें तेवढेंच. कारागिरानें तिजोरीला कुलूप करावें, सबंध घराला नव्हे, तसें हें काम आहे. ज्यानें कोणीं ही भाषा केली त्याला व्याकरण येत नसेल, पण त्याला त्याची मर्मस्थानें ठाऊक होतीं.

परंतु सबंध घरालाच कुलूप घातल्याचें एक उदाहरण आपल्या वाङ्मयांत आहे, आणि तें आठवलें कीं आश्चर्य आणि हळहळ दोन्ही वाटतात. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथानें तेराव्या शतकांत मराठीचा आदर केला तसा तोंवर कोणीं केला नव्हता. म्हाइंभटांचें लीळाचरित्र हें मराठी गद्याचें पहिलें मोठें लेणें. महदाइसेचे धवळे हें मराठींतील स्त्रीकवितेचें आद्य पान. चक्रधरांच्या मागें पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. केशिराजबास हे संस्कृताचे जाणते. त्यांना नागदेवांनीं संस्कृतांत लिहिण्यापासून परावृत्त केलें. कारण काय, तर पंथांतल्या म्हाताऱ्या बायांना तें कळावयाचें नाहीं. धर्मग्रंथाची भाषा कोणती असावी, याचा निवाडा म्हाताऱ्यांच्या कानांवरून करणारा आचार्य विरळा.

आणि त्याच पंथानें चौदाव्या शतकांत आपल्या मराठी पोथ्या सांकेतिक लिपींत लिहिण्यास आरंभ केला. 'सह्याद्रिवर्णन' लिहिणारे रवळोबास यांच्याकडे सकळ लिपीचें जनकत्व दिलें जातें. मागाहून सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा आणखी लिपि निघाल्या. त्यांची संख्या वीसांच्या वर जाते. सकळ लिपीचें मूळ तत्त्व अक्षरांच्या अदलाबदलीचें. एका वर्णाच्या जागीं दुसरा वर्ण किंवा नवें चिन्ह योजावयाचें. भाषा मराठीच, परंतु डोळ्यांना दिसतें तें निरर्थक. पवित्र वचन अपात्र माणसाच्या हातीं पडूं नये, त्यांत कोणीं फेरफार करूं नये, ही त्यामागील भावना. ती समजण्यासारखी आहे. ज्या पंथाला बाहेरून निंदा सोसावी लागली, त्यानें आपलें धन पुरून ठेवावें यांत नवल नाहीं. पंजाबांत जयकृष्णी म्हणून, आणि पुढें पेशावर-काबूलपर्यंत, या पंथाचे मठ गेले. त्यांच्याबरोबर या मराठी पोथ्याही गेल्या. मराठीचा एक शब्द न जाणणाऱ्या मुलखांत मराठी पोथी पुजली जात होती.

पण त्याची किंमत पाहा. सुमारें साडेपांचशें वर्षें इतर महाराष्ट्राला आपल्या भाषेचें पहिलें गद्य ठाऊक नव्हतें. पोथींत काय आहे हें न कळल्यामुळें पंथाविषयीं भलत्याच कंड्या पिकल्या. म्हणजे जी निंदा टाळावी म्हणून कुलूप लावलें, ती कुलुपामुळेंच वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभीं ठाण्याचे वि. ल. भावे आणि इतिहासाचार्य राजवाडे यांच्या खटपटीनें व कांहीं महंतांच्या औदार्यानें ही लिपि उलगडली. ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले. एक गोष्ट मात्र कुलुपाच्या बाजूनें सांगितली पाहिजे. पेटींत राहिल्यामुळें ती मराठी हाताळली गेली नाहीं, आणि म्हणून बरीचशी न झिजतां आपल्या हातीं आली. तरी त्या म्हाताऱ्यांचा विचार मनांतून जात नाहीं. त्यांना कानांनीं ऐकावयास मिळत असेल. पण त्यांच्या नातींपैकीं कोणी अक्षर शिकली असती, तरी आपल्याच भाषेची पोथी तिला वाचतां आली नसती.

याच्या अगदीं उलट हेतूनें घडविलेला शब्दसंग्रह म्हणजे शिवछत्रपतींचा राज्यव्यवहारकोश. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनीं रघुनाथपंत हणमंते यांजकडे हें काम सोंपविलें. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग आणि जवळजवळ चौदाशें शब्द. फारसी-अरबी शब्दास संस्कृत प्रतिशब्द, असा क्रम. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापति. हे शब्द तगले किती? येथें गंमत आहे. पेशव्याचा 'पंतप्रधान' झाला खरा, तरी लोकांच्या तोंडीं शेवटपर्यंत पेशवाच राहिला. आणि आज पेशवा इतिहासांत गेला असून दिल्लीच्या मुख्य मंत्र्यास आपण मराठींत पंतप्रधान म्हणतों. मंत्री, सचिव हे तर रोजच्या वर्तमानपत्रांतले शब्द. म्हणजे कोशांतील कांहीं शब्दांना फळ यावयास पावणेतीनशें वर्षें लागलीं. उलट जमीन, वसूल, हुकूम, कब्जा हे शब्द कोणाच्यानेंही हलले नाहींत. सिंहासनाजवळचे शब्द बदलणें सोपें, बांधावरचे कठीण.

युरोपांत त्याच सुमारास तत्त्वज्ञ मंडळी सर्व जगाची एक भाषा करण्याचीं स्वप्नें पाहात होती. तीं प्रत्यक्षांत उतरलीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. जर्मनींतील श्लायर नांवाच्या पाद्र्यानें १८७९ सालीं व्होलाप्यूक नांवाची भाषा काढली. चिनी लोकांना 'र' जड जातो म्हणून त्यानें तो वर्ण शक्य तेथें टाळला, आणि इंग्रजी 'वर्ल्ड' चा 'वोल' व 'स्पीक' चा 'प्यूक' केला. इतकी काटछाट झाल्यावर इंग्रजालाही तो आपला शब्द ओळखूं येईना. तिकडे पोलंडांतील डॉक्टर झामेनहॉफ यांनीं १८८७ सालीं एस्पेरांतो प्रसिद्ध केली. अठ्ठावीस अक्षरें, प्रत्येकाचा एकच उच्चार; नियम अवघे सोळा. नामाच्या शेवटीं 'ओ', विशेषणाच्या शेवटीं 'आ'. 'बोना' म्हणजे चांगला. त्यास 'माल' हा उपसर्ग लावला कीं 'मालबोना' म्हणजे वाईट. पाणिनीच्या देशांत याचें फार कौतुक वाटावयाचें नाहीं, पण योजना नीटस आहे. श्लायरनें अखेरपर्यंत आपल्या भाषेवरचा ताबा सोडला नाहीं, आणि अनुयायांच्या भांडणांत ती दहा-बारा वर्षांत मोडकळीस आली. झामेनहॉफनें पहिल्याच पुस्तकांत आपला हक्क सोडून दिला. त्याची भाषा आजही बोलली जाते.

आपल्याकडे स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं रत्नागिरीस स्थानबद्ध असतांना, म्हणजे १९२४ ते १९३७ च्या काळांत, भाषाशुद्धि आणि लिपिशुद्धि या दोन्ही चळवळी हातीं घेतल्या. दिनांक, महापौर, हुतात्मा हे शब्द त्यांचे, असें आज कित्येकांस सांगावें लागतें. यापेक्षां शब्दकर्त्याचें मोठें यश तें कोणतें? लिपींत त्यांनीं 'अ'ची बाराखडी पुरस्कारिली. 'इ'च्या ऐवजीं 'अ'वरच वेलांटी द्यावयाची, म्हणजे छापखान्याचे खिळे कमी व्हावे. किर्लोस्कर मासिकानें ती कांहीं काळ चालविली. शब्द रुळले, बाराखडी मागें पडली. शब्द एकेकटा येऊन घरांत बसूं शकतो. लिपीला मात्र सबंध घराची मांडणी बदलावी लागते. वाद तर फारच झाला. फारसीचे पंडित माधव ज्यूलियन आरंभीं विरोधांत होते; पुढें त्यांचें मत पालटलें आणि १९३८ सालीं त्यांनींच 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. अनुस्वारांचेंही तसेंच. १९६२ च्या नियमांनीं न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. माझें शिक्षण त्यानंतरचें, तरी वडिलांच्या चोपड्यांचें वळण माझ्या हातांत राहिलें, आणि हें भाषण मीं त्याच वळणानें लिहून आणलें आहे. संपादकांनीं क्षमा करावी.

एक आठवण सांगतों. नवी मुंबईसाठीं आमच्याकडील जमिनी घेण्याचें काम चालूं होतें, त्या काळची. मी नुकताच नोकरीस लागलों होतों. शेजारची एक वृद्धा एक छापील कागद घेऊन आली. त्यांत अधिसूचना, संपादन, अनुसूची, हितसंबंधित व्यक्ति असे शब्द होते. सगळे निर्दोष, सगळे घडविलेले. त्यांतला प्रत्येक शब्द मी मुलांना फळ्यावर शुद्ध लिहून दाखवूं शकलों असतों. मीं तो कागद तिला स्वच्छ उच्चारांनीं वाचून दाखविला. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "गुरुजी, म्हंजे आतां कब्जा कोनाचा?" अरबींतून आलेला तो शब्द तिचा होता, संस्कृतांतून आलेले माझे शब्द तिला परके होते. मी पुन्हां आरंभापासून, कागद बाजूस ठेवून, तिच्या शब्दांत सांगूं लागलों. तिच्या खाजणाचा तुकडा त्या कागदांत गेला होता. हें तिला कळावयास एक क्षण पुरला असता. माझ्या शुद्ध वाचनानें पाव घटका घेतली.

त्यानंतर वर्गांत 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला मीं छडी दाखविली नाहीं. 'पुस्तकांत पाणी लिहितात' एवढेंच सांगत असें. निवृत्तीनंतर एक वही केली आहे. खाजण, उघाडी, मिठागरांतले आणि होडीवरचे शब्द तींत उतरवितों. सांगणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. नंदभाषेचे मात्र कोशांतल्यापलीकडे मला मोजकेच शब्द मिळाले. श्रोत्यांपैकीं कोणाच्या घरीं जुन्या पेढीच्या वह्या असतील, किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडीं ते आंकडे अजून असतील, तर त्यांनीं ते लिहून ठेवावेत. दहाच्या पुढचे विशेषेंकरून.