दहा नियम आणि ते 'मोडणारा' माणूस

मागच्या लेखात आपण कारखान्यांच्या भिंतींवरच्या 'सेफ्टी फर्स्ट' पाट्या पाहिल्या होत्या. या वेळी एक यादी बघू. अमेरिकेत जंगलातल्या आगी विझवणाऱ्या प्रत्येक माणसाला ती पाठ असावी लागते. नियम फक्त दहा आहेत, खिशातल्या कार्डावर मावतात. माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणात मी या यादीमागे लागले आहे, कारण कामावर माणूस मेला की जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तिच्यात फार उघडपणे दिसतो.

आधी एक खुलासा. अग्निशमन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लाल बंब, शिडी आणि पाण्याचा फवारा येत असेल. जंगलात बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं ना, तसा गवत-झुडपं खरवडून मातीचा पट्टा काढायचा, आगीच्या पुढे धावत, तेही डोंगरउतारावर. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असलेलं 'पुलास्की' हे त्यांचं मुख्य हत्यार. आग चढावर माणसापेक्षा वेगाने पळते. बाकीचं समजायला एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

५ ऑगस्ट १९४९. मोंटाना राज्यातली मॅन गल्च नावाची दरी. विमानातून पॅराशूटने उतरलेले १५ जवान आणि जमिनीवरून येऊन मिळालेला एक वनरक्षक. आग अचानक उलटली आणि गवताळ चढावरून त्यांच्यामागे लागली. मुकादम वॅग डॉज याने हत्यारं टाकून द्यायला सांगितलं आणि मग एक विचित्र गोष्ट केली. त्याने स्वतःच पुढचं गवत पेटवलं, ते जळून गेल्यावर राखेत शिरला आणि बाकीच्यांना 'इकडे या' म्हणून ओरडला. कुणीही आलं नाही. मागे आग असताना हा माणूस पुढेही आग लावतो, याला वेड लागलं असंच त्यांना वाटलं असणार. १३ जण मेले. डॉज राखेत पालथा पडून वाचला, आणखी दोघं कड्यातल्या फटीतून पलीकडे गेले म्हणून वाचले. नंतर मृतांपैकी एकाच्या वडिलांनी उघड आरोप केला की डॉजने लावलेल्या आगीनेच पोरं मेली. म्हणजे 'चूक कुणाची' हा झगडा यादीच्या आधीपासूनचाच आहे.

पुढे १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात रॅटलस्नेकच्या आगीत १५ जण गेले, १९५६ मध्ये इनाहाच्या आगीत ११. मग १९५७ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या प्रमुखांनी समिती नेमली. तिने १९३७ ते १९५६ मधल्या १६ जीवघेण्या आगी तपासल्या. समितीचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसं मेली ती काही अज्ञात कारणांमुळे नाही. साध्या, माहीत असलेल्या गोष्टी गडबडीत राहून गेल्या. म्हणून त्या गोष्टी सैन्यातल्या पहारेकऱ्याच्या हुकमांसारख्या लिहून काढाव्यात आणि घोकून घ्याव्यात.

त्यातले काही माझ्या शब्दांत सांगते. हवामानाची खबर ठेवा. आपली आग काय करते आहे ते सतत माहीत असू द्या. पळायची वाट ठरवा आणि ती सगळ्यांना सांगा. धोका वाटला तर टेहळ्या बसवा. डोकं शांत ठेवा. माणसांवर ताबा ठेवा. आणि दहावा: आग जोरात विझवा, पण सुरक्षिततेची सोय आधी करा.

हा दहावा नियम मला फार बोलका वाटतो. एकाच वाक्यात दोन मालक बसले आहेत. 'पण'च्या अलीकडे वनखात्याचं काम आणि पलीकडे माणसाचा जीव. दोन्ही एकदम जमलं नाही तर काय करायचं, हे मात्र त्यात नाही.

आता 'आपली आग काय करते आहे ते सतत माहीत असू द्या' हा नियम दोन वेळा वाचून बघा. सकाळी कामाला निघताना वाचलात तर तो शहाणा सल्ला आहे. माणसं मेल्यानंतर वाचलात तर तो आरोपपत्र होतो. आगीने तुम्हाला गाठलं, याचाच अर्थ ती काय करणार ते तुम्हाला माहीत नव्हतं. म्हणजे नियम मोडला! मेलेल्या माणसाने हा नियम पाळला होता असं कधी सिद्धच होऊ शकत नाही. यादीतली मेख इथे आहे, आणि १९५७ च्या समितीला ती दिसली असेल असं मला वाटत नाही. त्यांना खरोखरच पोरं वाचवायची होती.

६ जुलै १९९४ ला कोलोरॅडोतल्या स्टॉर्म किंग डोंगरावर १४ जण मेले. चौकशी अहवालाने मोजणी केली: दहापैकी आठ नियमांशी तडजोड झाली. १० जुलै २००१ ला वॉशिंग्टन राज्यात थर्टीमाइलच्या आगीत चौघं गेले. या वेळच्या अहवालात आकडा दहापैकी दहा.

थर्टीमाइलवर जरा थांबू. २१ जणांची तुकडी आदल्या रात्री जेमतेम झोपलेली. दरीतला रस्ता पुढे बंद होणारा, आणि आगीने मागची वाट तोडली. १४ जवान आणि दोन पर्यटक अडकले. मेलेले चौघं रस्त्याच्या वरच्या दगडांवर होते. पहिल्या अहवालात असं आलं की त्यांना खाली यायला सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. वाचलेल्या सोबत्यांनी आणि घरच्यांनी ते खोडून काढलं आणि अहवाल बदलावा लागला. घरच्यांचा राग मला पूर्ण समजतो. पोरगं गेलं, आणि वर कागदावर तेच दोषी!

पण त्या रागातून जे झालं ते वेगळंच. २००२ मध्ये कायदा आला की फॉरेस्ट सर्व्हिसचा माणूस आगीत अडकून मेला तर कृषी खात्याच्या महानिरीक्षकाने स्वतंत्र चौकशी करायची. २००६ च्या डिसेंबरमध्ये त्या तुकडीच्या मुकादमावर चार जणांच्या सदोष मृत्यूचे आणि खोटी विधानं केल्याचे फौजदारी गुन्हे दाखल झाले. २००८ मध्ये मृत्यूचे आरोप मागे पडले आणि खोट्या विधानांच्या दोन किरकोळ गुन्ह्यांची त्याने कबुली दिली. झोप न मिळालेली तुकडी त्या दरीत पाठवणारी यंत्रणा मात्र कोर्टात उभी नव्हती.

याचा परिणाम काय झाला असेल, अंदाज करा. मुकादम स्वतःच्या खिशातून दायित्वाचा विमा काढू लागले. अपघात झाला की आधी वकील, मग बोलणं. ज्यांच्या तोंडून पुढच्यांनी शिकायचं, तीच तोंडं बंद झाली. नंतर 'शिकण्यासाठी चौकशी' नावाची वेगळी पद्धत आली, तिच्यात दोष द्यायचा नाही असं ठरलं. तिचीही दुसरी टोकाची अडचण ॲरिझोनात दिसली. ३० जून २०१३ ला यार्नेल हिलच्या आगीत १९ जण गेले आणि पहिल्या अहवालाला कुठेच निष्काळजीपणा किंवा नियमभंग सापडला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने राज्याच्याच वनविभागाला ५,५९,००० डॉलरचा दंड ठोठावला. घटना एकच, पण एका कागदावर कुणाचीच चूक नाही आणि दुसऱ्यावर मालकाची आहे. मला स्वतःला दुसरा कागद जास्त पटतो.

आणि आता त्या कार्डाकडे परत बघा. दहाही नियमांत धूर हा शब्द नाही. फुप्फुसं नाहीत, थकवा नाही. समितीला विचारलेला प्रश्नच होता की माणसं जळून मरतात ते कसं थांबवायचं. वीस वर्षं धुरात काम करून नंतर इस्पितळात मरणारा माणूस त्या प्रश्नात बसत नव्हता, म्हणून उत्तरातही आला नाही. शहरातला जवान पाठीवर हवेची टाकी घेतो. जंगलात दिवसभर चढ-उतार करणाऱ्याला ती परवडत नाही, म्हणून बहुतेकांच्या तोंडावर फार तर रुमाल.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमन हा व्यवसायच कर्करोगकारक ठरवला, सगळ्यात वरच्या गटात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत केंद्र सरकारच्या अग्निशामकांसाठी कायदा बदलला आणि ठरावीक कर्करोग कामामुळेच झाले असं गृहीत धरायचं ठरलं. तोवर आजारी माणसाला स्वतःच सिद्ध करावं लागे की हा रोग आपल्याला कामावरच्या धुरानेच झाला. कुठल्या वर्षी, कुठल्या डोंगरावर, किती धूर, याची नोंद कुणी ठेवलेली नसायची. ती ठेवा, असं सांगणारा नियम कार्डावर नव्हता.