कोंबडीची ऊब आणि भट्टीची ऊब

आजचा विषय माझ्या घरातून सुरू होतो, म्हणजे बेंगळुरूच्या बेळ्ळंदूरमधल्या सातव्या मजल्यावरून. गेल्या हिवाळ्यात मी निपाणीहून, ताईकडून, बारा गावठी अंडी भुशाच्या डब्यात घालून रात्रीच्या बसने आणली आणि उबवणीच्या छोट्या यंत्रात ठेवली. ताई हसली. म्हणाली, "खुडूक कोंबडी दिली असती की रे, यंत्र कशाला?"

तिचा प्रश्न जुना आहे. कोंबडीशिवाय अंडी उबवायचा उद्योग इजिप्तमध्ये दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालू आहे. शेणाच्या उबेत अंडी ठेवण्याची तिथली रीत ॲरिस्टॉटलने नोंदवलीय. पुढे मातीच्या विटांच्या मोठमोठ्या भट्ट्या आल्या. आत हजारो अंडी, वर शेणीची धग. थर्मामीटर नव्हता. कामगार अंडं डोळ्याच्या पापणीला लावायचा आणि ऊब ओळखायचा. ही विद्या घराण्यात राहायची. फ्रान्सच्या रेओम्यूरने 1749 साली यावर ग्रंथ लिहिला. त्याने सडत्या शेणखतात पिंपं पुरून त्यांत अंडी उबवून पाहिली, आणि पापणीच्या जागी थर्मामीटर आला.

मग यंत्रं वाढली, आणि एक गंमत झाली. जास्त अंडी हवीत म्हणून माणसाने खुडूक न होणाऱ्या कोंबड्या निवडल्या. खुडूक झाली की ती अंडी घालायची थांबते ना! आजची व्यावसायिक अंड्यांची कोंबडी रवणीला बसतच नाही. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने हेब्बाळला तयार केलेली गिरिराज आपल्याकडच्या अंगणांतही दिसते. अशा सुधारित जातींची अंडी उबवायची तर एकतर यंत्र, नाहीतर देशी कोंबडी उसनी आणायची. ताईची खुडूक कोंबडी म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

पण मला सांगायचंय ते पॅरिसचं. 1878च्या सुमारास स्तेफान तार्निए नावाचे प्रसूतितज्ज्ञ तिथल्या प्राणिबागेत गेले. तिथे त्यांनी पिल्लं उबवायचं यंत्र पाहिलं आणि ते बनवणाऱ्या ओदील मार्तँला विचारलं, असंच माणसाच्या बाळांसाठी करून द्याल का? गरम पाण्याच्या टाकीवर चालणारी ती पेटी 1880च्या आसपास पॅरिसच्या प्रसूतिगृहात आली. एका पेटीत अनेक बाळं असायची. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू 66 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आले. औषध नवं नव्हतं, ऊब होती. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यातही गावातल्या आरोग्यदूत बाईच्या सामानात बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी होती. सोबत जंतुसंसर्गावरचे उपचार, श्वास कोंडलेल्या बाळाला मदत, अशा बऱ्याच गोष्टी होत्या. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते.

आता माझी अंडी. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं आली. आठव्या अंड्याला टवका पडला, आतून चिवचिव येत होती आणि पुढे काही होईना. सहा तास झाले. मला राहवेना, मी कवच सोलायला घेतलं. पापुद्र्यातून रक्त आलं. तेव्हा कळलं की टवका पडला म्हणजे पिल्लू तयार झालं असं नसतं. ते आधी अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घालून श्वास शिकतं, मग कवच फोडतं, आणि त्यानंतरही कित्येक तास पापुद्र्यातलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. ते पिल्लू रात्री गेलं. मी घाई केली, दुसरं काही नाही.

नवव्या अंड्यालाही टवका पडला. ताईला फोन केला. "यंत्राचं झाकण उघडू नकोस, आत वाफ राहू दे. उद्या याच वेळेपर्यंत हात लावायचा नाही." चोवीस तासांनी पाहिलं तर पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटला होता. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो ओला केला, टवक्याच्या कडेने थोडंसं कवच काढलं, रक्त दिसत नाही ना ते पाहिलं आणि पुन्हा थांबलो. पहाटे ते स्वतः बाहेर पडलं. मान टाकलेली, अंग ओलं. पस्तीस अंशांच्या उबेत ठेवलं, चोचीच्या कडेला गुळाच्या पाण्याचा थेंब लावला. दाणा पहिल्या दिवशी दिलाच नाही. पोटात बलक असतो, घाई नसते.

तिसऱ्या दिवशी ते बाकीच्यांच्या अंगावरून चढून दाण्याकडे गेलं. पुढच्या महिन्यात आठही पिल्लं डालग्यात घालून निपाणीला पोचवली. ताईने विचारलं, "मान टाकलेलं कुठलं रे?" मला ओळखता आलं नाही.