संकेतस्थळाच्या पानाची बदलती मांडणी : मराठी मजकुराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

संगणकावर एडिटरमध्ये नीट मांडलेले पान ब्राउझरमध्ये उघडले की स्तंभ खाली घसरतो, ओळी भलत्या ठिकाणी तुटतात, प्रसंगी अक्षरेच बदलतात. असे झाले की पान करणाऱ्याचे अज्ञान किंवा यंत्रातील बिघाड हे कारण गृहीत धरले जाते. प्रस्तुत निबंधात या तफावतीची कारणे इतिहासात शोधण्याचा आणि मराठी मजकुराला तिची कोणती किंमत मोजावी लागली हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

छापील पान आणि संकेतस्थळाचे पान :

१८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत येत असे. एकदा छापलेली ही रचना प्रत्येक वाचकाच्या हाती तशीच पडे. छापील पान छापखान्यातच पूर्ण होते. संकेतस्थळाचे पान मात्र वाचकाच्या संगणकावर पूर्ण होते. सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी आखलेल्या एचटीएमएल या भाषेचा हेतू निरनिराळ्या संगणकांवर एकच दस्तऐवज वाचता यावा हा होता. म्हणून मथळा कोणता, परिच्छेद कोणता एवढेच ती सांगे. तो कोठे व केवढा दिसावा हे वाचकाचे यंत्र ठरवी.

१९९० मधील त्यांचा पहिला ब्राउझर हाच एडिटरही होता, ही बाब लक्षणीय आहे. लिहिणे आणि पाहणे एकाच आज्ञावलीत होत असल्याने दोन्हींत तफावत पडण्याचे कारण नव्हते. १९९३ मध्ये आलेला मोझेक हा ब्राउझर प्रामुख्याने पाहण्याचे साधन म्हणून लोकप्रिय झाला आणि लेखकाचे साधन व वाचकाचे साधन यांची फारकत झाली.

ब्राउझरांची स्पर्धा :

नेटस्केप (१९९४) व इंटरनेट एक्सप्लोरर (१९९५) यांच्या स्पर्धेत प्रत्येकाने मांडणीचे नियम आपापल्या परीने लावले. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस हे मांडणीचे पहिले प्रमाण मान्य झाले; पण त्याचे पालन एकसारखे झाले नाही. उदाहरणार्थ, २०० बिंदू रुंदीच्या चौकटीला दोन्ही बाजूंस १० बिंदूंची आतील मोकळी जागा आणि ५ बिंदूंची किनार दिली, तर प्रमाणानुसार एकूण रुंदी २३० होते. एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती मात्र हे सर्व २०० मध्येच बसवी. त्यामुळे तिच्यात नीट बसलेले दोन स्तंभ अन्यत्र पानाच्या रुंदीत मावत नसत व दुसरा स्तंभ खाली जाई. २००१ मधील सहाव्या आवृत्तीने प्रमाण स्वीकारले, तेही पानाच्या आरंभी योग्य घोषणा असेल तरच. फ्रंटपेज, ड्रीमवीव्हर यांसारखे एडिटर जे चित्र दाखवीत ते एका विशिष्ट गणिताचे फलित होते. वाचकाकडे तेच गणित असेल याची हमी त्यांना देता येत नसे.

मराठीची विशेष अडचण :

इंग्रजी पानाची मांडणी बिघडली तरी मजकूर वाचता येई. मराठीत मजकूरच नाहीसा होई. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचे प्रमाण आणि युनिकोडची पहिली आवृत्ती उपलब्ध झाली होती. तथापि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे सुरेख, योगेश यांसारखे फाँट व्यवहारात रूढ होते. अशा फाँटांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीचे अवयव बसविलेले असत. फाँट असलेल्या संगणकावर एडिटरमध्ये शुद्ध मराठी दिसे. तो नसलेल्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये त्याच जागी रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी उमटे. यावर पानासोबतच फाँट पाठविण्याची युक्ती निघाली. परंतु नेटस्केपला एका प्रकारची फाईल लागे, एक्सप्लोररला दुसऱ्या.

विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय झाली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता. तरीही जोडाक्षरे जुळविण्याची सोय सुरू नसलेल्या संगणकावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाई आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होत. पुढे २०१२ मध्ये वोफ हे फाँट पाठविण्याचे सामाईक प्रमाण शिफारस म्हणून मान्य झाले आणि ही अडचण बरीच कमी झाली.

निष्कर्ष :

एडिटर आणि ब्राउझर यांतील तफावत ही संकेतस्थळाच्या मूळ कल्पनेतच आहे. मोबाईलपासून मोठ्या पडद्यापर्यंत एकच पान वाचले जाते ते याच लवचीकतेमुळे. म्हणून रूप सर्वत्र सारखे असावे हा आग्रह सोडून अर्थ सर्वत्र टिकावा हा आग्रह धरणे इष्ट ठरते.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. जुन्या फाँटांत टंकलिखित झालेले शोधप्रबंध, स्मरणिका, मुलाखतींची टिपणे आजही संगणकांत पडून आहेत. फाँट नसेल तर ती वाचता येत नाहीत. असला तरी त्यांत एखाद्या गावाचे नाव मराठीत लिहून शोधता येत नाही. मोडी कागदांना जसा लिप्यंतरकार लागतो, तसा या फाईलींना युनिकोडमध्ये आणणारा जाणकार लागतो. रूपांतरात रफार, जोडाक्षरे व अंक चुकतात. म्हणून मूळ छापील प्रतीशी ताडून पाहणेही अपरिहार्य आहे. खानदेशातील महाविद्यालयांनी आपल्या संग्रहापुरते हे काम मूळ टंकलेखक आणि छापील प्रती हाताशी आहेत तोवर हाती घेणे अगत्याचे आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा छापील कागद वाचता यावा आणि पंचवीस वर्षांपूर्वीची फाईल वाचता येऊ नये, ही स्थिती अभ्यासकांना परवडणारी नाही.