डिलाईल रोडवरून मृग

मंगळवार, १४ डिसेंबर १९७१. रात्रीचे नऊ वाजलेत आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीचा जिना तुम्ही चाचपडत चढताय. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद, खाली उभ्या टॅक्सीचे हेडलाइट अर्धे काळे रंगवलेले. युद्ध सुरू होऊन अकरा दिवस झालेत, मुंबईत ब्लॅकआउट.

गच्चीत या. पूर्वेला पाहा, परळच्या चिमण्यांच्या वर.

मृग! पट्ट्यातले तीन तारे जवळजवळ उभ्या रांगेत, डावीकडे तांबूस काक्षी, उजवीकडे निळसर राजन्य. त्यांच्याही वर कृत्तिका, आणि शेजारी न लुकलुकणारा शनी. अमावास्या तीन दिवसांवर आली आहे, त्यामुळे चंद्र पहाटेपर्यंत आड येणार नाही. गिरण्यांचा धूर आहेच, पण त्याला उजळवणारे दिवे आज नाहीत. हे तारे रोज इथूनच जातात.

मागून आणलेला यशिका कॅमेरा कठड्यावर ठेवा, खाली वाळूची पिशवी. वरच्या काचेत काही दिसणार नाही, म्हणून फोकसची चकती सरळ अनंतावर फिरवा. छिद्र ३.५ वर, पूर्ण उघडं. शटर ‘बी’वर. शटरची केबल दाबून तिचा स्क्रू आवळा, म्हणजे शटर उघडंच राहील, आणि कठड्यापासून दूर व्हा. तुमच्या पावलानंही गच्ची हलते.

“अहो, काडी पेटवू नका!” जिन्यातून आवाज येतो. वॉर्डन आहेत. कॅमेरा बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि ते रास्तच आहे. कॅमेरा आकाशाकडे आहे हे दाखवा. ते पाहतात, मान वर करून बराच वेळ पाहतात. “गावाला असंच दिसतं,” म्हणतात, आणि खाली उतरतात.

दहा मिनिटं होऊ द्या. तेवढ्यात पृथ्वी अडीच अंश फिरते आणि ८० मिलिमीटरच्या भिंगातून मृगाचा प्रत्येक तारा फिल्मवर साडेतीन मिलिमीटरची रेघ ओढतो. कृत्तिकांचा जो प्रकाश आत्ता इथे पोचतोय, तो सुमारे ४४० वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा ही जागा समुद्रानं वेढलेल्या बेटांपैकी एक होती आणि पोर्तुगीज अजून मुंबईचे मालक व्हायचे होते.

आता भिंगापुढे काळा पुठ्ठा धरा, मगच केबल सोडा. आधी सोडलीत तर शटरच्या झटक्यानं रेघेचं टोक वाकडं होईल.

परवा ढाक्यात शरणागती होईल, दिवे लागतील. लागायलाच हवेत, काळ्या कागदामागे बसलेल्या पोरांना ते हवेत. पण मृग पुन्हा इतका स्वच्छ दिसणं या गच्चीच्या नशिबी नाही, म्हणून रोल वाया घालवू नका. बारातले अकरा फोटो उरलेत. कॅमेरा उत्तरेला वळवा, दादरच्या अंगाला. तिथे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर आहे. त्याच्याजवळचे तारे फार सावकाश फिरतात, दहा मिनिटांत रेघ अशी उमटणार नाही. त्यांना एक तास द्या.